साथकाळातील धोरण आणि सामाजिक शास्त्रे

साथरोगाच्या काळातील सरकारी निर्णयांना समाजशास्त्र, मानवशास्त्र, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या अभ्यासाची जोड देण्याची पद्धत. विषाणू कसा पसरतो हे वैद्यक सांगते. पण ‘घरात थांबा’ म्हटल्यावर कोणाला थांबणे परवडते, लोक कोणाचे ऐकतात आणि चाचणीला का कचरतात, याची उत्तरे समाजाकडूनच मिळवावी लागतात. नागपूरचा २०२०-२१ मधील कोविडकाळ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

हा धडा जुना आहे. १८९७ च्या साथरोग कायद्याखाली पुण्यात प्लेगच्या घरझडत्या झाल्या, तेव्हा रोगाइतकीच सोजिरांची (गोऱ्या सैनिकांची) दहशत बसली आणि लोक आजारी माणसे लपवू लागले. पश्चिम आफ्रिकेत २०१४ च्या इबोला साथीत याच्या उलट वाट सापडली. मृतदेहाला स्नान घालण्याच्या प्रथेतून संसर्ग वाढत होता, पण नुसत्या बंदीने प्रेते चोरून पुरली जात. मानवशास्त्रज्ञांनी गावकऱ्यांशी बोलून प्रथेचा अर्थ जाणून घेतला आणि त्यातून सुरक्षित, पण सन्मानाने दफन करण्याची पद्धत रुजायला मदत झाली. कोविडच्या सुरुवातीला, एप्रिल २०२० मध्ये, चाळीसहून अधिक संशोधकांनी एका शोधनिबंधात भीती, विश्वास, अफवा आणि नेतृत्व यांवरील अभ्यासाचे सार धोरणकर्त्यांपुढे ठेवले.

नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. पुढे सतरंजीपुरा, मोमिनपुरा हे दाट वस्तीचे भाग प्रतिबंधित झाले आणि शेकडो रहिवाशांना आमदार निवासासारख्या ठिकाणी विलगीकरणात नेण्यात आले. वैद्यकीयदृष्ट्या यात तथ्य होते. एका खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील, तर रुग्णाने वेगळे राहायचे कुठे? मात्र ‘उचलून नेतात’ अशी धास्ती पसरली की ताप अंगावर काढला जातो. कुठे नेणार, किती दिवस, मागे घरच्यांच्या जेवणाचे काय, हे आधी सांगणे औषधोपचाराइतकेच महत्त्वाचे ठरते. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके दारोदार फिरली. ‘घरात कोणाला ताप आहे का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर बरेचदा विचारणाऱ्या ताईवरच्या भरवशावर अवलंबून असते. म्हणून आशा सेविकेची वस्तीतली ओळख ही धोरणाची खरी पुंजी आहे.

देशाच्या मध्यावर असल्याने नागपूरने स्थलांतरित मजुरांचे हालही जवळून पाहिले. मे महिन्याच्या उन्हात पांजरी टोलनाक्यावर ते थांबत. तिथे स्वयंसेवक अन्नपाणी पुरवत. या पायपिटीला बेशिस्त म्हणणे अन्यायाचे होते. रोजी बंद, खोलीभाडे चालू आणि रेशनकार्ड गावी, अशा स्थितीत गावाकडे निघणे हाच त्यांचा व्यवहारी हिशेब होता. चार तासांच्या मुदतीत देशभर टाळेबंदी जाहीर करण्यापूर्वी हा हिशेब मांडायला हवा होता.

दीक्षाभूमीचे उदाहरण वेगळे आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे लाखो अनुयायी येतात. २०२० मध्ये स्मारक समितीनेच सोहळा रद्द केला आणि घरूनच अभिवादन करण्याचे आवाहन केले. सामूहिक ओळखीवरचे, म्हणजे ‘आपण एका समूहाचे आहोत’ या जाणिवेवरचे, संशोधन हेच सांगते की आपल्याच संस्थेने घातलेली मर्यादा लोक आपली मानतात. पोलिसी आदेशाला हे बळ सहसा लाभत नाही.

या शास्त्रांनाही मर्यादा आहेत. टाळेबंदीत अनेक सर्वेक्षणे फोनवरून झाली. ज्या घरात फोन नाही किंवा एकच फोन आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो, तिथल्या बाईची अडचण त्यांत सहसा नोंदली जात नाही. अशा आकडेवारीवरून मदतीच्या याद्या करायच्या असतील, तर वस्तीत जाऊन त्या पडताळून घ्याव्या लागतात.