मोटार अपघात दाव्यातील तडजोड

मोटार अपघातातील जखमी आणि धडक देणाऱ्या वाहनाची विमा कंपनी यांनी भरपाईच्या रकमेवर सहमत होऊन निकालाआधीच दावा मिटवणे. भारतात असे दावे मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली नेमलेल्या मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे चालतात आणि तडजोडही तिथेच नोंदवली जाते. प्राधिकरणाचे काम बहुधा जिल्हा न्यायाधीश किंवा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश पाहतात. कोर्टाच्या आवारात मात्र प्राधिकरणाला ‘एमएसीटी’, दाव्याला ‘क्लेम’ आणि विमा कंपनीतर्फे उभ्या राहणाऱ्या वकिलाला ‘पॅनेलचे वकील’ म्हणतात.

रस्त्यावरच दोन-पाच हजार हातावर टेकवून प्रकरण ‘मिटवण्याची’ रीत यात मोडत नाही. तिथे पोलिसांत नोंद नसते, पंचनामा नसतो. आठवडाभराने गुडघ्यातले लिगामेंट फाटल्याचे एमआरआयमध्ये निघाले, तर विमा कंपनीकडे जायला हातात कागदच उरत नाही. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाची विमा पॉलिसी, चालकाचा परवाना आणि दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड एवढ्या कागदांवर पुढची सगळी बोलणी चालतात. चालकावरील फौजदारी खटला वेगळा असतो. त्यात तो निर्दोष सुटला तरी क्लेम आपोआप पडत नाही, कारण इथे पुराव्याची कसोटी तितकी कडक नाही. धडक ज्याच्या चुकीने झाली त्या चालकाला स्वतःसाठी मात्र या मार्गाने काही मिळत नाही. तो स्वतःच वाहनाचा मालक असेल तर त्याच्यासाठी मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते.

कायद्यातली तडजोड. २०१९ च्या दुरुस्तीने, म्हणजे प्रत्यक्षात १ एप्रिल २०२२ पासून, तडजोडीला कायद्यातच जागा मिळाली. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत द्यायचा आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत प्राधिकरणाकडे पाठवायचा. कलम १४९ प्रमाणे विमा कंपनीने त्यासाठी अधिकारी नेमून जखमीला ३० दिवसांत रकमेचा प्रस्ताव द्यायचा. जखमीने तो स्वीकारला की प्राधिकरण तडजोडीची नोंद करते आणि कंपनीला ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाकारला तर सुनावणीची तारीख पडते. पुस्तकात हे सरळ दिसते. व्यवहारात मात्र बऱ्याच तडजोडी अर्ज दाखल होऊन, डॉक्टरांची साक्ष होऊन गेल्यावर होतात. तोवर दोन्ही बाजूंना आपापल्या कागदांचे वजन कळलेले असते.

याच दुरुस्तीत एक खड्डा आहे. कलम १६४ खाली कोणाची चूक होती हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. पैसे लवकर मिळण्याची शक्यता असल्याने दवाखान्याचे बिल तुंबलेल्या घराला ही रक्कम मोठी वाटते. पण ती कलम १४९ च्या पद्धतीने स्वीकारली की कलम १६६ खालचा, चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागणारा अर्ज संपुष्टात येतो. पाय कायमचा अधू झालेल्या तरुणासाठी हा सौदा सहसा तोट्याचा ठरतो, आणि हे त्याला सही करण्याआधी सांगणारे कोणी असेलच असे नाही.

कलम १६६ च्या अर्जाला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे. १९९४ मध्ये मुदतीची अट काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली. त्याविरुद्ध याचिका झाल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा असे नाही. जखमी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथेही तो चालतो. गोव्यात धडक बसलेला सावंतवाडीचा माणूस सिंधुदुर्गातच क्लेम लावू शकतो.

रक्कम कशी ठरते. तडजोडीत हवेतले आकडे चालत नाहीत. निकाल लागला तर प्राधिकरण किती देईल याचा अंदाज दोन्ही वकील आधी बांधतात आणि त्यातून काही कमी करून मधे कुठेतरी भेटतात. जखमीच्या दाव्यात काय काय धरायचे हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार निकालाने स्पष्ट केले : औषधोपचार, ये-जा आणि सकस आहाराचा खर्च, उपचारकाळात बुडालेली कमाई, कायमच्या अपंगत्वामुळे पुढे बुडणारी कमाई, पुढील उपचारांचा खर्च, वेदना, आणि आयुष्यातल्या सुखसोयींची हानी. बिले असतील तर खर्चावर फारसा वाद होत नाही. भांडण होते ते पुढच्या कमाईवर.

३२ वर्षांचा, रंगकाम करणारा, महिना १५,००० कमावणारा माणूस घेऊ. वर्षाचे १,८०,०००. भविष्यात कमाई वाढली असती म्हणून स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाला त्यात ४० टक्के मिळवतात (प्रणय सेठी निकाल, २०१७, जखमींनाही ही वाढ मिळते हे २०२० मध्ये स्पष्ट झाले). झाले २,५२,०००. काम करण्याची क्षमता २० टक्के घटली असे धरले तर वर्षाचे नुकसान ५०,४००. याला वयाचा गुणक लावायचा. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ३१ ते ३५ वयाला १६ हा गुणक आहे. पंचविशीपर्यंत तो १८ असतो आणि पासष्टीनंतर ५ वर येतो. उत्तर ८,०६,४००. मृत्यूच्या दाव्यात मृताचा स्वतःवरचा खर्च वजा करतात, जखमीच्या दाव्यात तो करत नाहीत. माणूस जिवंत आहे, त्याला जेवावे लागते.

या सगळ्या गुणाकारात खरे आकडे दोनच : उत्पन्न आणि टक्केवारी. अपंगत्वाच्या दाखल्यावर ‘उजवा पाय ४५ टक्के’ लिहिलेले असते, पण ते एका अवयवाचे असते, संपूर्ण शरीराचे नव्हे. आणि शरीराची टक्केवारी म्हणजे कमाईची टक्केवारीही नव्हे. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते, असे न्यायालयानेच उदाहरणादाखल म्हटले आहे. वरच्या रंगाऱ्याला शिडीवर चढताच येत नसेल तर २० टक्क्यांवर थांबायचे कारण नाही. हे मांडायला डॉक्टरांची साक्ष लागते, आणि ती नको असते म्हणूनही कित्येक दावे मिटतात.

उत्पन्नाचे दुखणे दुसरे. पगाराची पावती किंवा आयकर विवरण असलेला माणूस सुखी. रोजंदारीवाला, भाजीवाली, शेतमजूर यांच्याकडे काहीच नसते, म्हणून प्राधिकरण त्या काळच्या किमान वेतनावरून किंवा अंदाजाने आकडा धरते. गृहिणीच्या कामाचेही मोल धरावे लागते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले, तरी बोलणी करताना ‘उत्पन्न नाही’ असे वाक्य अजून ऐकू येते.

बोलणी. कंपनीच्या बाजूने रक्कम उतरवणारी कारणे ठरलेली असतात : जखमीचाही थोडा दोष होता, चालकाकडे वैध परवाना नव्हता, मालवाहू गाडीत माणसे बसवली होती. पहिल्या कारणाने भरपाई दोषाच्या प्रमाणात खरोखर कमी होते. परवान्याचे कारण जखमीपुरते तितके धारदार नाही, कारण अशा वेळी कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावे आणि मागाहून मालकाकडून वसूल करावे, असे आदेश होतात. दोन गाड्यांच्या चुकीत सापडलेला मागच्या सीटवरचा माणूस तर दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. दुसरीकडे, अर्जाच्या तारखेपासून व्याज चढत असते, त्यामुळे जुना दावा मिटवणे कंपनीलाही सोयीचे असते. तडजोडीचा आकडा बहुधा व्याजासह एकरकमी असतो. ‘सहा लाख’ म्हणजे मुद्दल अधिक व्याज की सगळे मिळून, हे पुरसिसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करण्याआधी विचारून घ्यावे. वकिलाची फी मिळणाऱ्या रकमेच्या टक्क्यात ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. कोर्टाच्या आवारात मात्र टक्क्याची भाषा सर्रास ऐकू येते.

बहुतेक बोलणी राष्ट्रीय लोकअदालतीच्या तारखेभोवती पिकतात. न्यायाधीश, वकील यांच्या पॅनेलपुढे दोन्ही बाजू बसतात; कंपनीचा अधिकारी आपल्या मंजुरीच्या मर्यादेत आकडा सांगतो, वरचा असेल तर फोन करतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो आणि त्यावर अपील नाही. प्राधिकरणाच्या निकालावर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते, आणि अपिलात वर्षे जातात. तडजोडीचे आकर्षण त्यातच आहे.

अपील नसल्यामुळेच कधी मिटवावे याला महत्त्व येते. हाड जुळले, पण आत प्लेट आणि स्क्रू आहेत. वर्ष-दीड वर्षाने ते काढायची शस्त्रक्रिया ठरलेली आहे. तिचा अंदाजपत्रकी खर्च तडजोडीत धरला नाही तर पुन्हा मागता येत नाही. मेंदूला मार लागलेल्यांचे तर परिणाम उमगायलाच वेळ लागतो. कायम परावलंबी झालेल्या जखमीला सांभाळणाऱ्या माणसाचा खर्चही गुणक लावून द्यावा, असे २०२० मध्ये एका १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. घाईने मिटवलेल्या दाव्यात ही रक्कम क्वचितच दिसते.

जखमी अज्ञान (१८ वर्षांखालील) असेल तर पालकांना परभारे तडजोड करता येत नाही. ती मुलाच्या हिताची आहे असे न्यायालयाला पटावे लागते आणि रक्कम सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत जाते. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर बोलणी करायला समोर कोणी नसतेच. तेव्हा उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे अर्ज करून ठरीव रक्कम मिळते, मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. आणि धडक एसटीची असेल तर समोर विमा कंपनी नसते, महामंडळच असते : राज्य परिवहन उपक्रमांना स्वतःचा निधी उभारून विम्यातून सूट घेता येते, त्यामुळे तिथे तडजोडीचा आकडा महामंडळाच्याच अधिकाऱ्याकडून यावा लागतो.