तोतोरोच्या रानामागची माणसं

'माय नेबर तोतोरो' या जपानी ॲनिमेशनपटाचं पोस्टर एकदा नीट पाहा. पावसात, बसथांब्यावर, तोतोरो या अगडबंब केसाळ प्राण्याशेजारी छत्री घेतलेली एकच मुलगी उभी आहे. चित्रपटात तर बहिणी दोन. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या मूळ कल्पनेत मुलगी एकच होती, पुढे तिच्या दोघी झाल्या. त्याची खूण दोघींच्या नावांत राहिली. सात्सुकी हे जपानी पंचांगातल्या पाचव्या महिन्याचं जुनं नाव, आणि मेई म्हणजे इंग्रजी मे महिना.

या मुली वडिलांबरोबर खेड्यात राहायला येतात, कारण आई जवळच्या रुग्णालयात आहे. आजाराचं नाव चित्रपटात कुणी घेत नाही. पण 1941 साली जन्मलेल्या मियाझाकींच्या बालपणाची कित्येक वर्षं आईच्या आजारपणात गेली. तिला पाठीच्या कण्याचा क्षय झाला होता. 1950 पर्यंत जपानमध्ये सर्वाधिक मृत्यू क्षयानेच होत. चित्रपटातलं 'शिचिकोकुयामा' रुग्णालयही हवेतून आलेलं नाही. टोकियोच्या वेशीवरच्या हिगाशिमुरायामात 'हाचिकोकुयामा' नावाची टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं. आठ प्रांतांच्या डोंगराचा इथे सात प्रांतांचा डोंगर झाला, एवढंच. हे कळल्यावर ते मक्याचं कणीस पुन्हा पाहावंसं वाटतं. मेई ते छातीशी घट्ट धरून आईकडे निघते आणि शेवटी ते खिडकीत ठेवलेलं दिसतं, हिरव्या सालीवर 'आईला' असं कोरलेलं. माझ्या मते सगळा चित्रपट त्या कणसात आहे. आई घरी परतलेली दिसते ती थेट श्रेयनामावलीतल्या चित्रांत.

रानाचीही अशीच गोष्ट. मियाझाकी राहतात त्या टोकियोजवळच्या तोकोरोझावा शहराला लागून सायामाच्या टेकड्या आहेत. गावाला चिकटलेल्या अशा रानाला जपानीत 'सातोयामा' म्हणतात. ओकची झाडं पंधरा-वीस वर्षांनी बुंध्यापाशी तोडायची, सरपण आणि कोळसा करायचा, खोडाला नवे फुटवे येऊ द्यायचे. पालापाचोळा शेतात खत म्हणून न्यायचा. गॅस आणि रासायनिक खतं आली, आणि या रानाची गरजच संपली. मागोमाग टोकियोची उपनगरं पसरली. चित्रपटाचा काळ त्याच्या किंचित आधीचा, 1950 च्या दशकातला. चित्रपटाचे कलादिग्दर्शक काझुओ ओगा यांनी रंगवलेल्या पायवाटा, बांध, पाण्याने भरलेली भाताची खाचरं यांत म्हणूनच इतका जीव आहे. तोतोरो राहतो ते झाड कापराचं, आपण आरतीला लावतो तो कापूर मुळात ज्याच्यापासून निघतो तेच.

पैसा मात्र सहज मिळाला नाही. खेड्यातल्या दोन मुली आणि एक राक्षसासारखा प्राणी, याला प्रेक्षक कुठून येणार, असा प्रश्न होता. अखेर दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' या युद्धकाळातल्या दोन अनाथ भावंडांच्या चित्रपटाशी जोडी लावून, एकाच तिकिटात दोन असे, 16 एप्रिल 1988 रोजी हे चित्रपट लागले. तिकीटबारीवर गर्दी बेताचीच होती. तोतोरो घरोघरी पोहोचला तो नंतर, टीव्हीवरून आणि कापडी बाहुल्यांच्या रूपात.

1990 मध्ये सायामाच्या टेकड्या वाचवायला तोतोरोच्या नावाने निधी उभा राहिला. लोकांच्या देणग्यांतून पुढच्याच वर्षी रानाचा पहिला तुकडा विकत घेतला गेला. आता असे पन्नासहून अधिक तुकडे आहेत, आणि स्वयंसेवक तिथे झुडपं छाटतात, पालापाचोळा गोळा करतात.