डिस्चार्ज बुकातील परदेश सेवा व पदकांची नोंददुरुस्ती

फौजेतून पेन्शनीवर येताना रेकॉर्ड ऑफिस (रेजिमेंटच्या जवानांच्या सेवानोंदी ठेवणारे कार्यालय) जवानाला जी लहानशी पुस्तिका देते, ते डिस्चार्ज बुक. भरतीची व सुटल्याची तारीख, कोणकोणत्या युनिटांत नोकरी झाली, कोर्स, कुटुंबाचा तपशील, ओळखीच्या खुणा, चारित्र्याचा शेरा आणि मिळालेली पदके तीत लिहिलेली असतात. श्रीलंका, गाझा, काँगो, सोमालिया किंवा भूतान इथली सेवा आणि तिचे पदक या पुस्तिकेत चढवायचे राहून गेले, तर ते नंतर लिहवून घेण्याच्या कामाला नोंददुरुस्ती म्हणतात. विदर्भात हे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत चालते. गावोगावचे जुने फौजी त्याला अजून ‘सोल्जर बोर्ड’च म्हणतात.

डिस्चार्ज बुक ही मूळ नोंद नाही, उतारा आहे. मूळ नोंद शीट रोलमध्ये, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसात राहणाऱ्या जवानाच्या सेवापत्रकात असते, आणि शीट रोलमध्ये जे चढते ते युनिटने काढलेल्या पार्ट टू ऑर्डरवरून. जवान युनिटात दाखल झाला, सुटीवर गेला, जखमी झाला, समुद्रापार गेला, पदकास पात्र ठरला, या प्रत्येक गोष्टीची पार्ट टू ऑर्डर निघते. ती निघालीच नसेल, तर जवान वर्षभर परदेशात राहिला तरी कागदावर तो गेलेलाच नसतो. म्हणून ‘पुस्तकात पदक लिहून द्या’ एवढ्या अर्जाने सहसा भागत नाही. शीट रोल आणि पार्ट टू ऑर्डर पाहून नोंद दुरुस्त करावी, अशी मागणी अर्जात स्पष्ट हवी.

नोंद राहण्याची कारणे ठरलेली आहेत. सर्वांत सोपे प्रकरण म्हणजे शीट रोलमध्ये नोंद आहे, पण सुटतेवेळी कारकुनाने ती पुस्तिकेत उतरवली नाही. हे लवकर सुटते. दुसऱ्या पलटणीला जोडलेल्या माणसांचे अवघड जाते. एएससीचा (पुरवठा व वाहतूक दलाचा) ड्रायव्हर, सिग्नलचा ऑपरेटर, स्वयंपाकी, न्हावी असे लोक एखाद्या पायदळ पलटणीबरोबर परदेशी गेले, तर पलटणीने त्यांना ‘आपले’ म्हणून धरले नाही आणि मूळ युनिटाला ते कुठे गेले याचा कागद मिळाला नाही, असे घडते. तिसरा प्रकार पदक आहे पण क्लॅस्प (फितीवरची, मोहिमेचे किंवा देशाचे नाव असलेली धातूची पट्टी) चुकीचा किंवा कोरा असण्याचा. शिवाय नावाचा घोळ असतो. हिंदी बोलणाऱ्या कारकुनाच्या हाती मराठी नावातल्या ‘ळ’चा ‘ल’ होतो, इंगळेचे इंगले होते, वानखडेचे वानखेडे होते, आणि पदकाच्या यादीतले नाव शीट रोलमधल्या नावाशी जुळत नाही. अशा वेळी सैनिक क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट, हाच खरा आधार.

कोणत्या सेवेला कोणते पदक, हे अर्ज लिहिण्याआधी नीट पाहावे. विदेश सेवा पदक १९६० मध्ये सुरू झाले. त्याची फीत फिकट निळी असून तीवर पाच पांढऱ्या रेघा असतात आणि देशाचे नाव क्लॅस्पवर येते. कोरिया, नेपाळ, भूतान असे त्याचे क्लॅस्प आहेत. श्रीलंकेतील शांतिसेनेचे, म्हणजे जुलै १९८७ ते मार्च १९९० या काळातल्या ‘ऑपरेशन पवन’चे पदक वेगळे. ते विशेष सेवा पदक असून त्यावर ‘श्रीलंका’ हा क्लॅस्प असतो. १९८६ मध्ये सुरू झालेल्या या पदकाला अनेकजण चुकून विशिष्ट सेवा पदक म्हणतात. ते उल्लेखनीय सेवेबद्दल दिले जाणारे वेगळेच पदक आहे आणि अर्जात ते नाव लिहिले तर कागद चुकीच्या टेबलावर जातो. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचे पदक संयुक्त राष्ट्रसंघच देतो. त्यासाठी मोहिमेत साधारणतः ९० दिवस पूर्ण व्हावे लागतात. ८० दिवसांत आजारी पडून परतलेल्या जवानाची परदेश सेवा खरी असते, ती नोंदवताही येते, पण पदकाचा हक्क त्याने आपोआप मिळत नाही. पलटण गेली म्हणजे पलटणीतला प्रत्येक जण गेला असेही नाही. मेन बॉडी श्रीलंकेत असताना रिअर पार्टी भारतातच राहत असे, आणि ‘आमची पलटण तिथे होती’ या एका वाक्यावर केलेले अर्ज इथेच अडतात.

श्रीलंकेत गेलेल्या पलटणींपैकी एक ८ महार होती. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत तिचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. विदर्भातून महार रेजिमेंटमध्ये गेलेल्यांची संख्या मोठी आहे, म्हणून इथे या एका मोहिमेच्या नोंदीबद्दल वारंवार विचारले जाते.

पुराव्यात पहिला मान पदकाच्या कडेला. भारतीय सेवा पदकाच्या किनारीवर सैनिक क्रमांक, हुद्दा आणि नाव ठोकलेले असते. पदक उन्हात तिरपे धरले की ते वाचता येते. ही अक्षरे असली की पदक सरकारने दिले हे सिद्ध करायला दुसरा कागद कमी लागतो. बाजारातून विकत घेतलेल्या जोडपदकावर ही अक्षरे नसतात. पदक जुने काळे पडले म्हणून राख-चिंच लावून घासू नये, अक्षरे झिजतात. किनारीचा फोटो दोन्ही बाजूंनी काढून अर्जाला जोडावा. संयुक्त राष्ट्रांच्या पदकावर सहसा नाव नसते, त्यामुळे तिथे मोहिमेचे प्रमाणपत्र, मूव्हमेंट ऑर्डर (रवानगीचा हुकूम), तुकडीची नॉमिनल रोल (नावांची यादी) यांवर भर द्यावा लागतो.

पत्र्याच्या काळ्या पेटीत जुनी पत्रे असतात. त्यातला आंतरदेशीय पत्राचा ‘मार्फत ५६ एपीओ’ (लष्करी टपाल कार्यालय) हा पत्ता परदेश सेवेचा पुरावा होत नाही, कारण देशातल्या फील्ड युनिटांनाही तोच पत्ता असे. तिकिटावर मात्र नजर ठेवावी. कोरियाला १९५३ मध्ये गेलेल्या तुकडीच्या तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असे छापलेले असे, आणि काँगो व गाझा इथल्या भारतीय तुकड्यांसाठीही तिकिटांवर वेगळी अक्षरे छापली होती. असे पाकीट सापडले तर तिकीट सोडवू नये, पाकीट तसेच ठेवावे.

अर्ज थेट आपल्या रेकॉर्ड ऑफिसला करता येतो, पण जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याच्या शिफारशीने गेलेल्या अर्जाला उत्तर लवकर येते. रेकॉर्ड ऑफिसचे ठिकाण रेजिमेंटवर अवलंबून आहे. महारचे सागरला, गार्ड्सचे कामठीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, सिग्नलचे जबलपूरला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला, ईएमईचे (यंत्रदुरुस्ती दलाचे) सिकंदराबादला. वायुदलाच्या जवानांनी दिल्लीतल्या सुब्रतो पार्कला लिहायचे, नौदलाच्या खलाशांनी मुंबईच्या मानखुर्दला. आपली मूळ रेजिमेंट हे ऑफिस ठरवते. शेवटी ज्या पलटणीबरोबर परदेशी गेलो, ती नव्हे.

अर्ज एक पानाचा असावा. वरच्या ओळीत सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव. मग भरतीची व सुटल्याची तारीख, परदेशात गेल्याच्या वेळचे युनिट, कंपनी, गेल्याची व परतल्याची तारीख, आणि नेमके कोणते पदक व कोणता क्लॅस्प. तारीख आठवत नसेल तर खोटी लिहू नये. ‘१९८८ च्या दिवाळीआधी’ असे लिहिले तरी कारकुनाला महिना सापडतो, पण चुकीची तारीख लिहिली तर ती शीट रोलशी जुळत नाही आणि संशय येतो. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या, कोऱ्या पानांसकट, साक्षांकित प्रती, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, माजी सैनिक ओळखपत्र आणि पदकाचे फोटो. त्याच तुकडीतल्या दोन साथीदारांची प्रतिज्ञापत्रे उपयोगी पडतात, पण त्यांच्या स्वतःच्या डिस्चार्ज बुकात ती मोहीम असेल तरच. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही तहसीलच्या आवारात स्टॅम्प पेपर विकला जातो. तो घेण्याची गरज नाही.

पुस्तिकेच्या घरच्या पत्त्यात जुना जिल्हा असला तर घाबरू नये. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळे झाले. त्याआधी भरती झालेल्यांच्या पुस्तिकेत जुनेच नाव राहणार. ती चूक नाही, दुरुस्तीची मागणी करून प्रकरण लांबवू नये. अर्ज मात्र आजच्या जिल्ह्याच्या कार्यालयातून पाठवावा.

दुरुस्तीसाठी मूळ डिस्चार्ज बुक मागवले जाते, कारण नोंद पुस्तिकेतच करून त्यावर अधिकाऱ्याची सही व गोल शिक्का पडतो. लॅमिनेट केलेले बुक यात मोठी अडचण होते. प्लास्टिकवर लिहिता येत नाही आणि काढताना पाने फाटतात. कित्येकांनी वाळवी आणि पावसाच्या भीतीने, मनापासून जपायच्या हेतूने ते केलेले असते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवणे पुरते. आपल्या हाताने पेनने नोंद करणे तर अजिबात नको, त्याने खरी नोंदही संशयात येते. मूळ बुक पाठवायचेच असेल तर स्पीड पोस्टने, पोचपावती ठेवून, आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून. सागर तसे फार दूर नाही, नागपूर-सिवनी-नरसिंहपूर मार्गाने राष्ट्रीय महामार्ग ४४ तिथे जातो, आणि जाणे शक्य असेल त्याने आधी पत्र देऊन, तारीख घेऊनच जावे. न कळवता गेलेल्याला शीट रोल त्याच दिवशी निघेलच असे नाही.

उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ हातात आहे. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागणी ‘दुरुस्ती करा’ अशी नसावी. स्वतःच्या शीट रोलची, परदेशातील काळाच्या पार्ट टू ऑर्डरची आणि पदक नोंदीची प्रमाणित प्रत मागावी. प्रत हाती आली की नेमकी कुठली ओळ राहिली ते दिसते, आणि दुरुस्तीचा अर्ज त्या ओळीवर बोट ठेवून करता येतो. मुलाने वडिलांच्या कागदांसाठी अर्ज केला तर ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून नाकारला जाऊ शकतो. अर्जावर जवानाची किंवा त्याच्या पश्चात पत्नीची सही हवी. पेन्शन न मिळालेल्या जुन्या जवानांची कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर, साधारणतः २५ वर्षांनी, नष्ट केली जातात. लाँग रोल (भरती झालेल्यांची कायमची नोंदवही) मात्र राहतो, म्हणून त्यांनी लाँग रोलचा उतारा मागावा.

या दुरुस्तीतून काय मिळते, हे आधीच स्पष्ट असावे. सेवा पदकाला दरमहा भत्ता नाही, तो शौर्य पदकांना आहे. सेना पदक (शौर्य) मिळालेल्याला २०१७ पासून दरमहा २,००० रुपये मिळतात. शिक्षणातल्या सवलतीच्या केंद्रीय प्राधान्यक्रमात शौर्य पदकधारकांच्या मुलांना साध्या माजी सैनिकांच्या मुलांआधी जागा आहे आणि त्यात ‘मेन्शन इन डिस्पॅचेस’ही (लढाईच्या अहवालातला गौरवाचा उल्लेख) धरले जाते. परदेश सेवेच्या नोंदीचा पैशाशी खरा संबंध येतो तो जखमेत. श्रीलंकेत कारवाईदरम्यान अपंगत्व आले, पण बॅटल कॅज्युअल्टीची (लढाईत जखमी झाल्याची) पार्ट टू ऑर्डर निघाली नाही, तर जवानाला साधे अपंगत्व पेन्शन मिळते. ती ऑर्डर असेल तर प्रकरण युद्धजखमी पेन्शनकडे जाते. अशा ठिकाणी वैद्यकीय मंडळाचे कागद आणि परदेश सेवेची नोंद एकत्र लावून पाहावी लागते, आणि नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे दाद मागता येते. त्यासाठी अंतिम नकारानंतर सहा महिन्यांची मुदत आहे, ती मोजून ठेवावी.

दुरुस्त झालेले बुक परत आले की त्याच्या प्रती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या नोंदणीत लावाव्यात आणि घरातल्या जुन्या, बिनदुरुस्त प्रती काढून टाकाव्यात. नाहीतर पुढच्या अर्जाला तीच जुनी झेरॉक्स लागते आणि नोंद पुन्हा गायब दिसते.