फोटो लहान करताना नेमके काय गळते?

हिवाळ्यात ठाणे खाडीत रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरू लागले की ऐरोली, नेरुळ आणि सीवूड्स परिसरातल्या पक्षीप्रेमींच्या फोनमधली जागाही भराभर संपू लागते. फोटो लहान व्हावेत पण त्यांचा दर्जा टिकावा, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र ‘दर्जा टिकणे’ याचे दोन अर्थ होतात. एक, फाइलमधील एकही आकडा न बदलणे आणि दुसरा, डोळ्यांना जाणवेल असा फरक न पडणे. या दोहोंत गल्लत झाली, तर चांगले फोटो कायमचे बिघडतात.

12 मेगापिक्सेलच्या फोटोत 4000 गुणिले 3000, म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या आणि निळ्या अंशासाठी एकेक बाइट धरला, तर फोटो 36 एमबीचा व्हायला हवा. प्रत्यक्षात फोनमधली जेपेग (फोटो साठवण्याचा नेहमीचा प्रकार) फाइल बहुधा तीन ते पाच एमबीची असते. याचा अर्थ असा की, आपण हात लावण्यापूर्वीच कॅमेऱ्याने तिचे भरपूर कॉम्प्रेशन, म्हणजे माहिती आटवून आकार लहान करणे, केलेले असते.

पहिल्या अर्थाने काहीही न गमावता लहान होणारा प्रकार म्हणजे 1996 मध्ये आलेला पीएनजी. पुनरावृत्ती शोधून ती थोडक्यात नोंदवणे हे त्याचे तत्त्व असल्यामुळे स्क्रीनशॉट, नकाशे आणि मजकुराच्या प्रतिमा यांच्यासाठी तो उत्तम ठरतो. फोटोत मात्र त्याची मात्रा फारशी चालत नाही, कारण खाडीवरचे आभाळ आपल्याला एकसारखे राखाडी दिसत असले, तरी कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेल्या शेजारशेजारच्या पिक्सेलांचे आकडे किंचित वेगळेच असतात. त्यामुळे तयार जेपेगचे पीएनजीत रूपांतर केले की फाइल बहुतेक वेळा उलट मोठी होते.

दुसऱ्या अर्थाचा आधार आपली दृष्टी आहे. उजेडातला फरक डोळ्याला बारीक टिपता येतो, रंगातला तितका नाही. म्हणून जेपेगमध्ये उजेड आणि रंग आधी वेगळे केले जातात, आणि सर्वसाधारणपणे रंगाची माहिती दर चार पिक्सेलांमागे एकदाच ठेवली जाते. एवढ्यानेच 36 एमबीचे 18 एमबी होतात.

खरी करामत पुढे आहे. फोटोचे 8 गुणिले 8 पिक्सेलांचे चौकोन पाडतात. आपल्या फोटोत असे 1,87,500 चौकोन होतील. प्रत्येक चौकोनातील 64 आकडे ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या गणिती क्रियेतून जातात. बंगळुरूत जन्मलेले अभियंते नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह 1974 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, आणि 1992 च्या जेपेग मानकाचा ती कणा ठरली. जगभरातल्या फोटोंच्या मुळाशी असलेल्या या कामाची आपल्याकडे फारशी ओळख नाही, याची खंत वाटते. या क्रियेनंतर पहिला आकडा चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो आणि पुढचे आकडे उत्तरोत्तर बारीक होत जाणारे चढउतार सांगतात.

इथपर्यंत जवळपास काही गळलेले नसते. गळती होते ती पुढच्या भागाकारात, जिथे प्रत्येक आकड्याला ठरावीक भाजकाने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकात घेतात. मानकातल्या नमुना कोष्टकात उजेडाच्या पहिल्या आकड्यासाठी भाजक 16 आहे आणि अगदी बारीक चढउतारांच्या शेवटच्या आकड्यासाठी 99. पहिला आकडा 235 असेल, तर भागाकार पूर्णांकात 15 येतो आणि फोटो उघडताना 15 गुणिले 16, म्हणजे 240 परत मिळतात. म्हणजे फरक अवघ्या पाचाचा पडतो. शेवटचा आकडा 40 असेल, तर त्याचे थेट शून्य होते आणि ते 40 पुन्हा कधीच परत येत नाहीत. आभाळाच्या चौकोनात असे नुकसान कळतही नाही. रोहिताचे काटकुळे पाय आणि चोचीचे काळे टोक ज्या चौकोनांत येते, तिथे मात्र कडेभोवती धुरकट ठिपके उमटतात. कॉम्प्रेशन जास्त झाले का, हे तपासायचे असेल तर फोटो पूर्ण मोठा करून अशाच कडा पाहाव्यात.

सॉफ्टवेअरमधला ‘क्वालिटी’चा आकडा म्हणजे या भाजकांचेच नियंत्रण. प्रत्येक सॉफ्टवेअरची मोजपट्टी वेगळी असली, तरी 80 ते 90 च्या दरम्यान फाइल बरीच लहान होते आणि नजरेला सहसा फरक जाणवत नाही. 100 वर ठेवले तरी जेपेग पूर्णतः जसेच्या तसे राहत नाही. फोटो कापून किंवा बदलून पुन्हापुन्हा जेपेगमध्ये साठवला, की चौकोन नव्याने पडतात आणि नुकसान साचत जाते; म्हणून संपादन नेहमी मूळ फाइलवरून करावे आणि लहान प्रत शेवटी एकदाच काढावी. व्हॉट्सॲपवर पाठवतानाही फोटो लहान होतो. मूळ प्रत द्यायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

निव्वळ स्क्रीनवर पाहण्यासाठी प्रत हवी असेल, तर क्वालिटी फार खाली आणण्यापेक्षा लांबी-रुंदी निम्मी करणे मला अधिक योग्य वाटते. पिक्सेल एक-चतुर्थांश उरतात, पण 2000 गुणिले 1500 चा फोटो 4 गुणिले 6 इंचांच्या छपाईलाही पुरतो. जेपेग एक्सएल या नव्या मानकात तर जुनी जेपेग फाइल साधारण पाचव्या हिश्शाने लहान करून, हवी तेव्हा बाइटन् बाइट पूर्ववत मिळवता येते. ते सर्व फोन आणि ब्राउझरमध्ये अजून चालत नसल्यामुळे, खाडीवरच्या निवडक फोटोंच्या मूळ फाइल वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात आणि फोनमध्ये लहान प्रती बाळगाव्यात.