धातूवरचा पाण्याचा पहिला थर: देखणं चित्र आणि त्याची मोडतोड

धातूवर पाण्याचा पहिला थर कसा बसतो याचं उत्तर १९८२ पासून जवळपास वीस वर्षं सगळ्यांना पाठ होतं, आणि ते बऱ्यापैकी चुकीचं निघालं.

१९८२ ला डोअरिंग आणि मेडी या संशोधकांनी रुथेनियम या धातूवर काम केलं. हे प्रयोग साधारण असे चालतात की धातूचा स्वच्छ क्रिस्टल जबरदस्त व्हॅक्यूममध्ये ठेवायचा, उणे शंभरच्याही खूप खाली थंड करायचा, पाण्याची वाफ अगदी किंचित सोडायची आणि वर इलेक्ट्रॉन मारून काय नक्षी उमटते ते बघायचं. त्यातून आला 'बायलेयर', म्हणजे नेहमीच्या बर्फातलाच एक पापुद्रा उचलून धातूवर ठेवल्यासारखा, षटकोनी जाळी, एक रेणू खाली तर शेजारचा वर, दोघांच्या उंचीत साधारण ०.९६ अँगस्ट्रॉमचा फरक (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). रुथेनियमची मांडणीही षटकोनी, मापही बर्फाशी बऱ्यापैकी जुळणारं, मग शंका कोण घेणार! १९८७ मध्ये थील आणि मेडी यांचा भलामोठा आढावा आला आणि हेच चित्र बाकीच्या धातूंनाही लागू पडतं असं धरलं जाऊ लागलं.

१९९४ मध्ये हेल्ड आणि मेन्झेल यांनी नीट मोजलं तर रुथेनियमवर तो फरक जेमतेम ०.१ अँगस्ट्रॉम, थर जवळपास सपाटच. का, याचं एक उत्तर यायला २००२ उजाडलं, तेव्हा फायबेलमन या शास्त्रज्ञाने गणितं करून म्हटलं की अर्धे रेणू तुटलेत, एक हायड्रोजन सुटून धातूला चिकटलाय. यावर बरीच जुंपली. नंतर दिसलं की थंडीत पाणी अख्खं राहू शकतं, पण तापवलं की तुटतं आणि मोजायला मारलेल्या इलेक्ट्रॉननीसुद्धा तुटतं, म्हणजे बघायला जावं तर बघण्यानेच बिघडतंय, कठीणच काम.

प्लॅटिनमने तर वेगळीच गंमत केली. २००५ मध्ये किमेल आणि मंडळींना आढळलं की तिथला पहिला थर पाण्यालाच जवळ करत नाही, कारण त्यातल्या रेणूंचे सगळे बंध आपापसात नाहीतर धातूशी गुंतलेले, वरच्याला धरायला काही मोकळंच नाही, त्यामुळे पुढचा बर्फ पसरायच्या ऐवजी ढिगाऱ्यांनी वाढतो. २००९ मध्ये तांब्याच्या एका पृष्ठभागावर चक्क पंचकोनांच्या साखळ्या सापडल्या, आणि २०१० मध्ये प्लॅटिनमवरच सपाट षटकोनांभोवती पाच आणि सात बाजूंची कडी.