सरूनही न सरणारा शेवट: ‘द टाइम ट्रॅव्हलर्स’विषयीच्या मतभेदाची पार्श्वभूमी

1964 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘द टाइम ट्रॅव्हलर्स’ या कमी खर्चाच्या कालप्रवासपटावरून प्रेक्षकांत पडलेले दोन तट साठ वर्षांनंतरही तसेच आहेत. गोव्याच्या मुक्तीला त्या वेळी तीन वर्षेही झाली नव्हती. फोंडा-डिचोलीकडच्या आमच्यासारख्या मराठी प्रेक्षकांपर्यंत हा चित्रपट पोहोचला तो इंटरनेट घरोघरी आल्यावर, आणि येताना आपला वादही बरोबर घेऊन आला. एका तटाला तो निव्वळ स्वस्तातला माल वाटतो. दुसऱ्या तटाच्या मते त्याची शेवटची काही मिनिटे त्या काळच्या बड्या निर्मात्यांनाही सुचली नसती. प्रस्तुत लेखकाचा कल कोणत्या बाजूला आहे, हे पुढे लपून राहणार नाही.

कालयंत्राची मूळ इंग्रजी कादंबरी 1895 ची असून तिच्यावरचा गाजलेला हॉलिवूडपट 1960 मध्ये आला, एवढे सांगून त्या काळाविषयी थांबता येईल. 1962 च्या क्यूबा क्षेपणास्त्र संकटाने अमेरिकी प्रेक्षकाच्या मनात अणुयुद्धाची धास्ती घातली होती, हे मात्र येथे महत्त्वाचे आहे. प्रयोगशाळेत काळात डोकावण्यासाठी बनवलेला पडदा प्रत्यक्षात दार निघतो, त्यातून शास्त्रज्ञ 107 वर्षे पुढे, म्हणजे 2071 मध्ये जातात आणि त्यांना दिसते ते अणुयुद्धाने उजाड झालेले माळरान. तगून राहिलेली थोडी माणसे भूगर्भात यंत्रमानवांच्या मदतीने दुसऱ्या ताऱ्याकडे जाणारे यान बांधत असतात. ही कल्पना त्या वर्षीच्या प्रेक्षकाला दूरची वाटली नसणार.

चित्रपटाचा खर्च सुमारे अडीच लाख डॉलर सांगितला जातो. तो दिसतोही. भविष्यातील दालने खोक्यांसारखी आहेत, यंत्रमानवांचे मुखवटे रबरी आहेत आणि बाहेरचे उत्परिवर्तित जीव धावताना आपले डोके सांभाळत आहेत असे वाटते. पहिल्या तटाचे लोक नेमके हेच दाखवतात आणि चित्रपटाला ‘बी-ग्रेड’ म्हणून मोकळे होतात.

या शब्दाने बराच घोळ घातला आहे. आपल्याकडे सकाळच्या खेळाला लागणाऱ्या, पोस्टरवर नको ते दाखवणाऱ्या सिनेमासाठी तो रुळला, त्यामुळे मराठी माणूस ‘बी-ग्रेड’ म्हणताच समोरचा गालात हसतो. मूळ अमेरिकी व्यवहारात ‘बी’ हे अक्षर प्रतवारी दाखवत नव्हते. काजूच्या दुकानात अख्खा काजू एका बरणीत आणि तुकडा दुसऱ्या बरणीत असतो, तसला हा प्रकार नव्हे. 1930 च्या दशकातील मंदीत एका तिकिटावर दोन चित्रपट दाखवण्याची प्रथा पडली. त्यातल्या दुसऱ्या, आखूड चित्रपटासाठी चित्रगृहाकडून गल्ल्यातील वाटा न घेता ठरावीक भाडे घेतले जाई. गल्ला वाढला तरी उत्पन्न वाढणार नाही हे आधीच ठाऊक असल्यामुळे त्यावर जास्त पैसा घालण्यात अर्थ नसे. 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बड्या निर्मात्यांची चित्रगृहांवरील पकड मोडली, आणि पुढच्या दशकात ही व्यवस्थाच विस्कटली. तेव्हा 1964 चा हा चित्रपट काटेकोर अर्थाने ‘बी’ ठरतच नाही. मोटारीत बसून सिनेमा पाहणाऱ्या तरुणांसाठी स्वतंत्र वितरकांनी जो स्वस्त माल बाजारात आणला, त्यातला तो एक. आमच्या चर्चांतला निम्मा वाद केवळ या एका अक्षरामुळे होतो, असे माझे मत आहे.

स्वस्ताई सर्वत्र सारखी नव्हती, हेही नोंदवावे लागेल. कॅमेऱ्यामागे 1956 च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेला एक तरुण छायालेखक होता, ज्याला पुढे 1977 च्या एका भव्य विज्ञानपटासाठी ऑस्कर मिळाले. शिवाय बहुतेक चमत्कार प्रयोगशाळेत फिल्मवर संस्कार करून न साधता जादूगारांच्या रंगमंचीय युक्त्या कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष करून साधले आहेत. एका यंत्रमानवाचे डोके काढून दुसरे बसवले जाते, ते कॅमेरा न थांबवता.

गोव्यातील प्रेक्षक येथे थोडा वेगळा वागतो. पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत दशावताराच्या जाहिरातींत आजही ‘ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग’ अशी ओळ ठळक छापली जाते, आणि राक्षसाचे मुंडके धडावेगळे होताना पाहायला माणसे पहाटेपर्यंत मांडवात बसतात. युक्ती कशी केली हे निम्म्या मांडवाला ठाऊक असते. दाद मिळते ती सफाईला. गेल्या पावसाळ्यात फोंड्यातील एका घराच्या ओसरीवर प्रोजेक्टर लावून आम्ही वीस-बावीस जणांनी हा चित्रपट पाहिला, तेव्हा डोके बदलण्याच्या प्रसंगाला पहिली टाळी दिली ती जत्रेतल्या नाटकांत हयात घालवलेल्या एका वयस्क गृहस्थांनी. संगणकीय करामती पाहत वाढलेली मुले त्या वेळी फोनमध्ये होती. सुशिक्षित मध्यमवयीन मंडळींचा आक्षेप वेगळाच होता. 1974 च्या विज्ञानकथा स्पर्धेत एका खगोलशास्त्रज्ञाने टोपणनावाने कथा पाठवली, तेव्हापासून मराठी विज्ञानकथेच्या वाचकाला कथेतले विज्ञान पक्के असावे लागते, आणि वायरमनला चुकून सापडलेले काळाचे दार त्याच्या पचनी पडत नाही.

खरा तंटा शेवटाचा आहे. भविष्यातून पळून आलेली मंडळी आपल्या प्रयोगशाळेत परततात, तेव्हा त्यांना तेथे आपलीच आधीची रूपे पुतळ्यांसारखी थिजलेली दिसतात. परतलेल्यांचा काळ आता इतक्या वेगाने चालला आहे, की काही तासांत आयुष्य सरून जाईल. उरलेला एकच मार्ग म्हणून ती पुन्हा दारातून, त्याहूनही दूरच्या भविष्याकडे निघतात, आणि येथे चित्रपट संपण्याऐवजी पहिल्यापासून सुरू होतो. तीच दृश्ये, तोच क्रम, फक्त भराभर. मग आणखी भराभर, आणखी तुटक, असे होत अखेर पडद्यावर आकाशगंगा उरते.

आमच्या ओसरीवर पहिल्या आवर्तनाला लॅपटॉप सांभाळणारा मुलगा उठला आणि तार हलवून पाहू लागला. मागून कोणीतरी त्याला ‘अरे, मघाचेच परत लागले’ असे बजावलेही. दुसरे आवर्तन सुरू होईपर्यंत तो तार धरून उभाच होता.

पहिल्या तटाचे म्हणणे असे, की पैसे संपले म्हणून जुनेच तुकडे पुन्हा जोडले. हे सर्वस्वी खोटे ठरवता येणार नाही. हाती असलेल्या चित्रणाची पुन्हा जुळणी करायला ना सेट लागतो ना नट, लागतो तो संकलनाचा टेबल. मात्र निव्वळ लांबी भरायची असती, तर दृश्ये आखूड करत नेण्याचे कारण नव्हते. काळाच्या फेऱ्यात सापडलेल्या माणसाला तोच फेरा पुन्हा घडताना कसा दिसेल, हे संवादाविना सांगण्याचा याहून थेट मार्ग मला तरी दिसत नाही. 1962 च्या एका फ्रेंच लघुपटाने जवळजवळ केवळ स्थिर छायाचित्रांतून, 28 मिनिटांत, असाच फेरा पूर्ण केला, आणि त्याला मात्र कोणी कंजूष म्हणत नाही. 2004 पासून पणजीत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवामुळे ज्यांची नजर उलटसुलट कालक्रमाला सरावली, त्या प्रेक्षकांना ही तुलना सहज पटते.

चित्रपटाचे पुढचे आयुष्य त्याच्या पहिल्या प्रदर्शनापेक्षा दाटीचे आहे. 1966 मध्ये काळाच्या बोगद्यावरची एक अमेरिकी दूरदर्शन मालिका आली आणि 30 भागांत आटोपली; तिची कल्पना येथूनच उचलली, असे चाहते सांगतात. 1967 मध्ये मूळ कथेतल्या एका भागीदाराने जवळपास तीच गोष्ट आणखी कमी पैशांत पुन्हा चित्रित केली. ती पाहिल्यावर पहिल्याची टीका करणारेही नरमतात. 2017 मध्ये जुन्या चित्रपटांच्या संवादांवर थट्टा लादणाऱ्या एका कार्यक्रमाने हा चित्रपट घेतला, आणि त्यानंतरच्या नव्या प्रेक्षकाची ओळख पुष्कळदा त्या थट्टेसकटच होते. हसण्याच्या तयारीने बसलेल्या माणसाला शेवटही विनोदच वाटला, तर त्याला दोष कसा द्यावा?

आमच्याकडे हा चित्रपट पुन्हा लावायचे ठरले आहे. शेवटी तारेला कोणी हात लावू नये, हे आधी सांगावे की सांगू नये, यावर अद्याप एकमत झालेले नाही.