रुबेलाचं रक्त कधी द्यायचं? पुरळ दिसायच्या आधी!

"मोठ्याच्या वर्गात पुरळाची साथ आहे, मला तिसरा महिना चालू आहे, रक्त द्यायला कधी येऊ?" हा प्रश्न आमच्या लॅबच्या काउंटरवर सारखा येतो. उत्तर एकच: आजच या.

बहुतेक जणी मात्र 'अंगावर काही उठतंय का बघू' म्हणून तीन-चार आठवडे काढतात. सगळा घोळ इथेच होतो. रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे जातात. आयजीजी ही प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, रक्तात दिसू लागतात ती त्यानंतर. त्यामुळे संपर्क आल्या-आल्या दिलेल्या रक्तात आयजीजी सापडली, तर ती जुनी असते, लसीची नाहीतर पूर्वी होऊन गेलेल्या आजाराची. अशा वेळी बाळाला सहसा धोका नसतो. महिन्याभराने दिलेल्या रक्तात तीच आयजीजी सापडली, तर ती जुनी की नवी हे त्या एका रिपोर्टवरून कुणीच सांगू शकत नाही. मग अ‍ॅव्हिडिटीची, म्हणजे ही प्रतिपिंडं विषाणूला किती घट्ट चिकटतात यावरून ती जुनी की नवी हे ठरवणारी तपासणी बाहेर पाठवावी लागते. तो रिपोर्ट येईपर्यंत त्या घरात कुणाला झोप नसते.

पुरळाच्या भरवशावर तर राहूच नका. कित्येकांना रुबेला होऊन जातो आणि अंगावर ठिपकाही उठत नाही.

एवढी घाई का? सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याकडे १९४१ साली मोतीबिंदू घेऊनच जन्मलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यांतल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. पहिल्या बारा आठवड्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय घडत असतात. त्या काळात आईला लागण झाली, तर बाळापर्यंत विषाणू पोहोचण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. वीस आठवड्यांनंतर धोका फारच कमी होतो.

म्हणूनच आम्ही नाव लिहिण्याआधी तारखा विचारतो: शेवटच्या पाळीची, संपर्काची, पुरळ उठलं असेल तर त्याची. काहींना ही चौकशी नको वाटते. पण या तारखांशिवाय रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांनाही नीट लावता येत नाही. जुना रिपोर्ट असेल तर तोही आणा.

पहिल्या नमुन्यात आयजीजी नसेल, तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा घ्यावा लागतो. पहिला आम्ही गोठवून ठेवतो आणि दोन्ही एकाच वेळी, एकाच यंत्रावर तपासतो. वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत, म्हणून दुसऱ्यांदाही इथेच या, असा आमचा आग्रह असतो. आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीत आधी दिसणारी प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह आलं, तर फोनवर सांगत नाही. ते कधीकधी खोटंही येतं, म्हणून पुन्हा तपासून थेट डॉक्टरांशी बोलतो.

ज्यांना अजून दिवस गेलेले नाहीत, त्यांनी आत्ताच एकदा आयजीजी करून घ्यावी. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे आज आई होणाऱ्या कितीतरी जणींना ती लहानपणी मिळालेली नाही. निगेटिव्ह आलं तर डॉक्टरांकडून लस घ्या आणि पुढे एक महिना दिवस जाऊ देऊ नका. गरोदरपणात ही लस देत नाहीत. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असतानाही घेता येते.

शाळा आणि अंगणवाडीतल्या ताईंनी हे आवर्जून करावं. उपाशीपोटी यायची गरज नाही. येणं जमत नसेल तर आमची सिस्टर घरी येऊन रक्त घेईल.